अंग टाकलेलं मांजर

मांजराला हार्नेस घालून फिरवणाऱ्याकडे बघून आपल्याकडे दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे हसतात. पहिली म्हणतात, मांजर कधी कुणाचं ऐकतं का, ही तर वाऱ्याची मोट बांधायची हौस. दुसरी खिशातून मोबाईल काढतात. पट्टा लावलेलं मांजर त्यांना कुत्र्यासारखं वाटतं आणि तेवढ्यासाठीच गोड वाटतं. पहिल्यांचा अविश्वास आणि दुसऱ्यांचं कौतुक वरवर परस्परविरोधी आहेत, पण दोघांच्या हातातली फूटपट्टी एकच आहे आणि ती कुत्र्याची आहे.

माझं म्हणणं असं. मांजर शिकतं आणि चांगलं शिकतं. मात्र हार्नेसच्या बाबतीत 'ते चालायला लागलं का?' हा प्रश्नच उथळ आहे. विचारायचं ते हे, की त्याने 'नको' म्हटलं तर दोरी धरणाऱ्याला ते कळतं का, आणि कळल्यावर तो खरोखर थांबतो का. ही अट पाळली जात असेल तर फ्लॅटमध्ये कोंडलेल्या प्राण्याला हार्नेसइतकी मोठी सवलत दुसरी नाही. पाळली जात नसेल तर तो छळ आहे, मग त्याचा रंग कितीही गोंडस असो. हे तीन टप्प्यांत मांडतो. आधी मांजराची शिकण्याची कुवत, मग त्याच्या चालण्याचा स्वभाव, आणि शेवटी त्याच्या नकाराची भाषा, जिच्यावर सगळं अवलंबून आहे.

१. ज्याच्यावर शिकण्याचं शास्त्र उभं राहिलं

'मांजर शिकत नाही' हे वाक्य ज्या बिनधास्तपणे फेकलं जातं त्यातला विनोद थोडा इतिहास चाळल्यावर कळतो. प्राणी कसे शिकतात याचा मोजूनमापून अभ्यास ज्या प्रयोगांपासून सुरू झाला असं मानलं जातं, ते प्रयोग मुख्यतः मांजरांवरचेच. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधासाठी फळ्या ठोकून खोकी तयार केली होती. आत भुकेलं मांजर, बाहेर खाणं, आणि दार उघडायचं तर दोरीची फासकी ओढायची किंवा खटका दाबायचा. मांजर आधी ओरबाडायचं, चावायचं, फटीतून अंग काढू बघायचं. धडपडीत कधीतरी पंजा नेमक्या जागी पडायचा आणि दार उघडायचं. तेच मांजर पुन्हा पुन्हा आत ठेवलं की सुटकेला लागणारा वेळ घटत जायचा. ज्या कृतीमागून समाधान येतं ती पक्की होते, हा त्याचा 'परिणामाचा नियम' इथून निघाला. आज कुत्र्यांच्या शाळेत जी क्लिकरची टिकटिक ऐकू येते ती याच नियमाच्या वंशातली.

त्या प्रबंधात आणखी एक निरीक्षण आहे. ते फारसं सांगितलं जात नाही, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच मोलाचं आहे. थॉर्नडाइकने काही वेळा प्राण्याचा पंजा स्वतःच्या हाताने धरून त्याच्याकडून ती कृती करवून घेतली. आपण दाखवून दिलं तर ते लवकर शिकेल, हा हिशेब. तो हिशेब चुकला. करवून घेतलेल्या कृतीतून प्राणी काही शिकले नाहीत. जे शिकले ते स्वतःच्या धडपडीतून. हार्नेस घातलेल्या मांजराला दोरीने ओढत चार पावलं 'चालवणारा' माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी फसलेला प्रयोगच पुन्हा करत असतो.

अलीकडचे पुरावेही त्याच दिशेचे आहेत. २०१९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की पाळीव मांजरं स्वतःचं नाव त्याच लयीच्या इतर शब्दांपासून वेगळं ओळखतात, अगदी परक्या आवाजात हाक मारली तरी. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात मांजरांना माणसाबरोबर अनोळखी खोलीत ठेवलं, मग माणूस बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परतला. माणूस परतताच जवळपास दोनतृतीयांश मांजरं निवली आणि खोली हुंगायला मोकळी झाली. माणूस सोबत असणं हा त्यांच्यासाठी आधार होता. हार्नेसच्या शिक्षणाचं भांडवल हेच आहे.

मग मांजराची ही बदनामी कशातून आली? कुत्रा 'शाब्बास' या शब्दावरही काम करतो, मांजराला मोबदला रोख लागतो आणि तोही तिथल्या तिथे. सुकटीचा तुकडा क्षणभर उशिरा मिळाला तर तो कशाबद्दल होता ते त्याच्या लेखी संपलेलं असतं. याला मी स्वभावदोष मानत नाही. नुसत्या शाबासकीवर राबायला आपल्यातलेही फार थोडे तयार असतात.

२. कुत्र्याची फूटपट्टी

आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या ११ व्या कलमात लागोपाठची दोन पोटकलमं आहेत. एकानुसार कुठल्याही प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने वा दोरीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा ठरतो. दुसऱ्यानुसार सतत बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या प्राण्याला पुरेसा व्यायाम न देणारा मालक दोषी ठरतो, पण इथे 'कुठलाही प्राणी' हे शब्द गळतात आणि फक्त 'कुत्रा' उरतो.

यात मी कायदा करणाऱ्यांना दोष देणार नाही. १९६० मध्ये मांजर कोंडलेलं नव्हतंच. कौलारू घरात माळा होता, परसदार होतं, मोरीचं भोक होतं, शेजारच्या भिंतीवरून जाणारी वाट होती. 'आमच्याकडे मांजर आहे' याचा अर्थ एवढाच, की एक मांजर दुधाच्या वेळेला येतं, उंदरांवर वचक ठेवतं आणि विण्यासाठी धान्याच्या कणगीमागची जागा पसंत करतं. येणं-जाणं त्याच्या मर्जीचं होतं. आता त्याच मांजराची नात सातव्या मजल्यावर राहते. सरकती काच, बाहेर कबुतरजाळी, पुढे सेफ्टी डोअर. शस्त्रक्रिया झालेली, लसी टोचलेल्या, वाटीत मोजून दाणे. बारा-पंधरा वर्षांच्या आयुष्यात तिच्या पंजाला मातीचा कण लागत नाही. ती सुरक्षित आहे यात शंका नाही, पण सुरक्षित असणं आणि जगणं पुरेसं असणं यांत फरक असतो. घरकोंडी मांजरं लठ्ठ होतात, सोफे फाडतात, आणि पशुवैद्यांच्या ओळखीची एक तक्रार घेऊन येतात: मूत्राशयाचा असा दाह, की तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि खडाही सापडत नाही. ओहायोमधले पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी या दुखण्याचा संबंध ताणाशी आणि घरातल्या कंटाळवाण्या वातावरणाशी जोडला. चढायला जागा, लपायला कोपरे, शिकारीसारखा खेळ मिळाला की अशा मांजरांचा त्रास कमी होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आलं.

तेव्हा गरज खरी आहे. चूक होते ती तिथून पुढे, जेव्हा आपण ही गरज कुत्र्याच्या साच्यात ओततो.

कुत्रा माणसाबरोबर किमान चौदा हजार वर्षं आहे आणि तो आला तो माणसाच्या मागून चालत. सोबतीने अंतर कापणं हे त्याचं जुनं काम. मांजर आलं ते धान्याच्या कोठारातल्या उंदरांमागे. त्याने माणसाची जागा धरली, वाट धरली नाही. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा २००४ मध्ये उजेडात आला. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलं असणार. चालत कुणाच्या मागे गेलेलं ते मांजर नव्हतं, उचलून नेलेलं होतं. दोरीही तशी जुनीच. इजिप्तमध्ये थेबेसच्या एका थडग्यातल्या चित्रात खुर्चीच्या पायाला बांधलेलं मांजर समोरच्या वाडग्यापर्यंत पोहोचायला धडपडताना दिसतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला दोरीचा ताण बरोबर कळला होता.

मांजर शिकारी आहे, पण स्वतःही कुणाची तरी शिकार होऊ शकेल एवढंच लहान आहे. म्हणून ते मैदान ओलांडत नाही, मैदानाच्या कडेने जातं. भिंत, कुंडी, गाडीचं चाक, झुडूप अशा आडोशापासून आडोशापर्यंत त्याची वाटचाल होते आणि मध्ये बराच वेळ ते नुसतं बसून असतं. बघणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही, पण त्या वेळात ते परिसर वाचत असतं. कुठल्या बोक्याने कुठे खूण केली ते हुंगतं, वरचा ओठ उचलून आणि तोंड किंचित उघडं ठेवून तो वास टाळूतल्या इंद्रियापर्यंत नेतं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थकतो, मांजराचा त्याच्या तिपटीच्याही पुढे ऐकतो. आपल्याला शांत वाटणारी गच्ची त्याला शांत वाटेलच असं नाही. अशा प्राण्याबाबत 'आज किती चाललं?' हे विचारणं म्हणजे वाचनालयातून परतलेल्याला किती पायपीट झाली असं विचारणं. अर्ध्या तासात दहा फूट सरकलं आणि उरलेला वेळ तुळशीच्या कुंडीमागे बसून राहिलं, तर ती उत्तम फेरी झाली.

शरीराची घडणही वेगळी. आपण ज्याला कॉलरबोन म्हणतो ते हाड मांजरात नाममात्र असतं. ते खांद्याला सांध्याने जोडलेलं नसतं, स्नायूंत रुतलेलं असतं. म्हणून डोकं शिरलं की बहुधा अख्खं मांजर त्या फटीतून जातं. आणि म्हणूनच घाबरलेलं मांजर मागे सरकत सरकत, खांदे आवळून, चांगल्या घट्ट वाटणाऱ्या हार्नेसमधूनही क्षणात निसटतं. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावणं तर सरळ धोक्याचं, सगळा हिसका श्वासनलिकेवर येतो. छातीला आणि पोटाला वेढणारा, दोरीची कडी पाठीवर असलेला, आणि कापडाखाली जेमतेम दोन बोटं जातील एवढाच सैल हार्नेस घ्यावा. कुत्र्यांसाठीची आपोआप गुंडाळणारी दोरी नको. तिचा कायमचा ताण मांजराला खुपतो, आणि हातातून सुटली तर तिची प्लॅस्टिकची मूठ खडखडत त्याच्या मागे धावते.

३. मार्जारन्यायाची दुसरी बाजू

पहिल्यांदा हार्नेस घातलेलं मांजर काय करतं हे ज्याने पाहिलंय त्याला ते विसरता येणार नाही. ते दोन पावलं पाठ वाकवून टाकतं, पोट जमिनीला लावतं आणि मग एका कुशीवर सरळ अंग टाकून देतं. जणू हाडं काढून घेतली आहेत. व्हिडिओ काढणारे यावर हसतात, 'नाटकं बघा' म्हणतात. थोडे शहाणे लोक म्हणतात, शांत झालं, सवय होतेय. मला ही दुसरी समजूत पहिलीपेक्षा घातक वाटते.

आपल्या परंपरेत मांजराच्या निश्चलतेवर एक अख्खा सिद्धांत उभा आहे. श्रीवैष्णवांमध्ये शरणागतीवरून दोन पंथ पडले. वडकलै पंथाने माकडाच्या पिल्लाचा दाखला घेतला, ते आईला स्वतः घट्ट धरतं. तेंकलै पंथाने मांजराच्या पिल्लाचा घेतला. आई त्याला मानगुटीला धरून उचलते, ते काहीच करत नाही, निपचित लोंबकळतं. तो मार्जारन्याय, संपूर्ण शरणागती. भक्तीच्या प्रांतात हा दृष्टांत सुंदर आहे आणि तिथे मला काही बोलायचं नाही. पण प्राण्याच्या अंगाने पाहिलं तर पिल्लाचं ते निपचित होणं निर्णयातून आलेलं नसतं. मानेवरची कातडी धरली गेली की पाय पोटाशी घेऊन स्तब्ध होणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. लोंबकळणारं पिल्लू हललं तर पडेल, म्हणून ती टिकून राहिली. प्रौढ मांजरांच्या मानेमागे चिमटे लावून पाहिलं तेव्हा त्यांतलीही बरीच अशीच निश्चल झाली. थोडक्यात, मांजर हलत नाही यावरून त्याची संमती सिद्ध होत नाही.

हार्नेसखाली अंग टाकलेल्या मांजराला हे वाक्य लागू करून बघा. पाठीवर आणि छातीवर अनोळखी दाब, सुटण्याची वाट बंद, धावता येत नाही, चढता येत नाही. जे काही करता येण्यासारखं होतं ते संपलं, म्हणून ते काहीच करत नाही. त्याच्या डोळ्यांकडे पाहा, बाहुल्या पसरलेल्या असतात. कान आडवे, शेपटी अंगाला चिकटलेली, श्वास भरभर. खाऊ पुढे केला तर तोंड फिरवतं. एरवी पिशवीचा आवाज आला की धावत येणारं मांजर खायचं नाकारतं, तेव्हा त्याने दिलेलं उत्तर कुणालाही कळण्यासारखं असतं.

इथे माझा प्रतिपाद्य मुद्दा येतो. मांजराचा नकार फिसकारण्यापासून सुरू होत नाही. तिथे तो संपतो. त्याआधी तो अंग चोरण्यात असतो, पाठीची कातडी थरथरवण्यात, जांभईत, अवेळी अंग चाटत बसण्यात, दाराकडे मान वळवण्यात. कुत्र्याबरोबर वाढलेल्या माणसाला या खुणा दिसतच नाहीत. कुत्रा नाखूश असला तरी पुष्कळदा मागून येतो, आणि आपण त्या मागून येण्यालाच होकार मानत आलो आहोत. हार्नेसचे जे पाच-सहा आठवडे लागतात त्यांत मांजर फारसं नवीन शिकत नाही. त्याला एका कापडी वस्तूचं भय नाही एवढंच ते शिकतं. खरा अभ्यास मालकाचा असतो.

४. उंबरठ्यापर्यंत

पद्धत सांगायला सोपी आहे. पहिले काही दिवस हार्नेस नुसता जेवणाच्या वाटीशेजारी पडलेला असू द्यावा, म्हणजे त्याला घरचा वास लागतो. मग त्याचा गळ्याचा वेढा हातात धरून पलीकडून खाऊ दाखवायचा. डोकं मांजराने स्वतः घालायचं. हीच पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि लोक हीच गाळतात. बकलचा 'टक' आवाज किंवा वेल्क्रोची फरफर ऐकून कित्येक मांजरं पळतात, म्हणून तो आवाज आधी दूरवरून ऐकवून त्याला खाऊशी जोडून घ्यायचा. त्यानंतर अर्धं मिनिट अंगावर, लगेच खेळ, लगेच काढणं. अंग टाकलं तर समजायचं की आपण एक पायरी चुकवली. त्याला उठवू नये, मुकाट्याने हार्नेस काढून मागच्या पायरीवर जावं. दोरी शेवटी येते. आधी ती आपल्या नजरेसमोर घरातच मागे ओढली जाऊ द्यायची, मग टोक हातात घ्यायचं, आणि मांजर जिकडे जाईल तिकडे आपण जायचं.

वय महत्त्वाचं आहे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यादरम्यान पिल्लू माणसं, आवाज, वस्तू यांना सहज आपलंसं करतं. त्यानंतर ते दार हळूहळू बंद होतं. मोठी मांजरं शिकत नाहीत असा याचा अर्थ नाही, त्यांना आठवड्यांऐवजी महिने लागतात. काही कधीच शिकत नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे.

बाहेरच्या जगाबद्दल मात्र मला ठाम भूमिका घ्यायची आहे. भारतीय शहरात मांजराला दोरी लावून रस्त्यावर नेणं मला मान्य नाही. भटका कुत्रा समोर आला तर मांजराकडे दोनच उपाय असतात, पळणं आणि चढणं, आणि दोरी नेमके हेच दोन काढून घेते. आपण उचलून घेऊ म्हणणाऱ्याने भीतीने पिसाळलेलं मांजर छातीशी धरून पाहिलेलं नसतं. ते तोंडावरून चढून डोक्यावर जातं. म्हणून जागा गच्चीची, बंद आवाराची, सोसायटीच्या मागच्या निवांत पट्ट्याची. वेळ पहाटेची. आणि शेजारी दार उघडं ठेवलेली त्याची पेटी, म्हणजे घाबरलं तर स्वतःच्या पायांनी आत शिरता येईल असा एक कोपरा. जानेवारीत गच्चीवर पतंगाचा मांजा पडलेला असतो, उन्हाळ्यात सकाळी दहालाच स्लॅब तापतो, पावसाळ्यानंतर गोचिडं असतात. गोचिडांवरून आठवलं: कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला जीवघेणं ठरतं. घरात कुत्रा आहे म्हणून त्याचंच औषध थेंबभर मांजराला लावणारे लोक आहेत, म्हणून विषय सोडून हे सांगितलं. ट्रायकॅट आणि रेबीजची लस झाल्याशिवाय बाहेर पाऊल नको, हे वेगळं सांगायला नको.

खिडक्या-बाल्कनीला जाळी नसेल तर हार्नेसचा विचारही पुढे ढकलावा. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली. उपचार केलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, आणि तेव्हापासून 'मांजर कितीही उंचावरून पडलं तरी चार पायांवर' या म्हणण्याला शास्त्राचा शिक्का मिळाल्यासारखं झालं. जी फुटपाथवरच संपली ती रुग्णालयात आणली गेली नव्हती, एवढा साधा हिशेब त्यात राहून जातो.

५. चार आक्षेप

पहिला आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो मांजरांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडूनच येतो. ब्रिटनमधल्या आरएसपीसीएसारख्या प्राणिकल्याण संस्थेने मांजरांना पट्ट्यावर फिरवण्याबद्दल सावध केलं आहे. परिस्थिती आपल्या ताब्यात आहे ही भावना मांजराला लागते आणि दोरी तीच हिरावून घेते, असं त्यांचं म्हणणं. मला ते बरंचसं पटतं. पण ब्रिटनमध्ये मांजराच्या दारात बहुधा एक झडप असते आणि मागे बाग. तिथे दोरीची तुलना मोकळं फिरण्याशी होते. सातव्या मजल्यावर तिची तुलना बंद दाराशी होते. ताबा सापेक्ष असतो. जिथे मांजर दिशा ठरवतं, वेग ठरवतं आणि परत कधी फिरायचं तेही ठरवतं, तिथे दोन मीटरच्या दोरीवरही ताबा उरतो. जिथे हे तिन्ही माणूस ठरवतो, तिथे आरएसपीसीएचं म्हणणं शंभर टक्के खरं.

दुसरा आक्षेप असा, की मग मोकळंच का सोडू नये? आजीची मांजरं कुठे दोरीवर होती? नव्हती, आणि दर वर्षी वेत व्हायची, त्यांतली निम्मीशिम्मी पिल्लं बोका किंवा कुत्रा न्यायचा, आणि त्या काळी रस्त्यावर इतक्या गाड्या नव्हत्या. शिवाय मोकळ्या मांजराची किंमत दुसरे जीव मोजतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अंदाजानुसार तिथली मांजरं वर्षाला शंभर कोटींहून अधिक पक्षी मारतात, त्यांतले बहुतेक बेवारस मांजरांकडून. जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावाच्या एका भागात २०२२ मध्ये चंडोल पक्ष्यांच्या विणीच्या काळात मांजरं घरात ठेवण्याचा आदेश निघाला. न्यायचंच असेल तर दोन मीटरपर्यंतच्या दोरीवर. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या प्रदेशात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेल्या मांजरांना मालकाच्या हद्दीबाहेर मोकळं सोडता येत नाही. मोकळीक आणि कोंडवाडा यांच्यामध्ये काहीतरी शोधावं लागेल हे आता जगभर उमगू लागलं आहे, आणि त्या मधल्या जागेत आज तरी जाळीची बाल्कनी आणि हार्नेस एवढंच आहे.

तिसऱ्या आक्षेपाला फार वेळ देत नाही: हे श्रीमंतांचे चोचले आहेत, रस्त्यावरची मांजरं उपाशी मरतात. मरतात. पण फ्लॅटमधल्या मांजराला कंटाळत ठेवल्याने त्यांतलं एकही जगत नाही.

चौथ्या आक्षेपाने मात्र मला स्वतःला अडवलं आहे. एकदा बाहेरची चव लागली की मांजर दाराशी बसून रडतं. पूर्वी ज्याला गच्ची ठाऊक नव्हती त्याला ती हवीशी करणं, आणि मग आपल्या कामाच्या धबडग्यात आठवडाभर ती न देणं, यापेक्षा आधीचं अज्ञान बरं नव्हतं का? याला तांत्रिक उत्तरं आहेत. पेटीत बसवूनच दाराबाहेर न्यावं, म्हणजे उंबरठा ओलांडणं आणि मोकळं होणं यांची गाठ पडत नाही. वेळ ठरलेली असावी, रडण्याला उत्तर म्हणून कधीही बाहेर काढू नये. हे सगळं करूनही काही मांजरं रडतात. त्यामुळे माझी अट कठोर आहे. ज्याला पुढची दहा वर्षं रोजची पंधरा मिनिटं देता येणार नाहीत त्याने हार्नेस विकतच घेऊ नये. जाळीची बाल्कनी, एक उंच फळी, खिडकीशी बसायची जागा आणि संध्याकाळी दोरीला पीस बांधून खेळवणं, एवढ्यावर पुष्कळ मांजरं सुखाने म्हातारी होतात.

आणि अट पाळायला तयार असलेल्यालाही मांजर नाही म्हणू शकतं. माझ्या घरातल्या दोघांपैकी बोका हार्नेस दिसला की निघायच्या तयारीने पेटीत जाऊन बसतो. त्याची बहीण हार्नेस घालून घेते, घरभर हिंडते, दारापर्यंत येते. अकरा दिवस रोज सकाळी ती उंबरठ्याच्या आत बसून जिन्याकडे बघत राहिली, मी दोरी सैल धरून बाहेरच्या पायरीवर. बाराव्या दिवशी लिफ्टचा आवाज आला, ती उठली, वळली आणि स्वयंपाकघरात गेली. तिचा हार्नेस आता छत्रीच्या खुंटीला आहे. बोक्याला घेऊन मी गच्चीवर जातो तेव्हा ती खिडकीत झोपलेली असते.